स्विस नाईफ साफ करूनही परत परत जाम होतोय? आधी तेल टाकणं थांबवा

जुलै उजाडला की आमच्या ट्रेकवाल्या ग्रुपवर एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून यायला लागतो. लाल मुठीचा स्विस नाईफ, मोठं पातं अर्धवट उघडलेलं, आणि खाली "परत जाम झालाय यार, आत्ताच तर तेल टाकलं होतं". मग एक जण सांगतो डब्ल्यूडी-40 (गंज-ओलावा घालवायचा स्प्रे) मार, दुसरा सांगतो खोबरेल लाव, तिसरा म्हणतो डुप्लिकेट असेल फेकून दे, आणि थोड्या दिवसांनी तोच चाकू तोच प्रश्न. दर वेळी तेच तेच टाईप करायचा कंटाळा आलाय, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहितो.

मुद्दा एवढाच आहे की चाकू तेल कमी पडल्यामुळे जाम होत नाहीये. आत घाण बसलीये आणि तुम्ही त्या घाणीला तेल पाजताय. तेल टाकलं की दोन दिवस मऊ चालतं, आपल्याला वाटतं झालं काम, पण ते तेल खिशातला कापसाचा भुगा, धूळ, बिस्किटाचा चुरा सगळं धरून ठेवतं आणि आत काळा चिकटा तयार होतो. त्या चिकट्यात पावसाळ्याचा ओलावा अडकला की गंज. म्हणजे उपायच आजार वाढवतोय.

आत काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. साध्या स्विस नाईफला लॉक वगैरे नसतं. पाठीच्या बाजूला स्टीलची जाड पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचा बुडखा त्या पट्टीवर दाबून घासत फिरतो आणि पूर्ण उघडलं की खट्ट करून बसतो. दोन थरांच्या मध्ये ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, आणि सगळं पितळी रिव्हेटांनी आवळून बांधलेलं. फटी अगदी बारीक. तिथे थोडासा जरी चिकटा गेला तरी पातं जड होतं, आणि रिव्हेट असल्यामुळे घरी खोलून साफ करायची सोय नाही. खोलायला जाऊ पण नका, परत तसं आवळता येत नाही.

आता आपल्या चाकूला नक्की काय झालंय ते बघा, सरसकट उपाय करू नका.

सगळीच टूल्स सारखी जड झाली असतील तर ते वाळलेलं तेल किंवा एकूण घाण. एकच टूल जड आणि बाकीची मस्त चालत असतील तर त्याच थरात काहीतरी गेलंय, बहुतेक वेळा मोठं पातं, कारण फळं आपण त्यानेच कापतो. उघडताना करकर आवाज येत असेल तर वाळू आहे, आणि तेव्हा "चालवून चालवून मोकळं करू" हा उद्योग अजिबात करायचा नाही, आधी नळाच्या धारेखाली धरून वाळू बाहेर काढायची. पातं उघडतं पण शेवटचा खट्ट येत नाही, मेल्यासारखं बसतं, तर स्प्रिंग आणि बुडखा जिथे टेकतात तिथे चिकटा साचलाय. लोक घाबरतात की स्प्रिंग गेली, स्प्रिंग सहसा काही जात नाही. आणि चाकू दगडावर आपटल्यानंतर एखादं टूल एका बाजूला घासत असेल तर मधला पत्रा वाकलेला असू शकतो. उजेडाकडे धरून वरून बघा, पातं फटीच्या मधोमध बसतंय का. पत्रा वाकला असेल तर साफसफाईने काही होणार नाही, ते सर्व्हिस सेंटरचं काम.

गंजाचं आता. "अरे पण स्टेनलेस आहे ना" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. स्टेनलेस म्हणजे स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम, त्याचा पृष्ठभागावर अतिशय पातळ असा ऑक्साईडचा थर बनतो, तो आतलं लोखंड सांभाळतो. ओरखडा पडला तर हवेने तो थर परत बनतो. पण मीठ म्हणजे क्लोराईड हा त्या थराचा शत्रू. ओलावा आणि मीठ एकत्र बराच वेळ एका जागी बसलं की तो थर तिथे तुटतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. परत पात्याला धार टिकायला हवी म्हणून त्यात कार्बन जास्त घालावा लागतो, घरातल्या स्टीलच्या ताट-वाट्यांना तो लागत नाही, त्यामुळे तुमची ताटली वर्षानुवर्षं चकचकीत राहते आणि चाकूला डाग पडतात, यात चाकू नकली असल्याचा काही पुरावा नाही. लाल मुठीचे स्विस नाईफ बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्यात क्रोमियम साधारण 13 ते 15 टक्के आणि पक्कडवाली टूल्स बनवणाऱ्या लेदरमनच्या साध्या मॉडेल्सच्या 420एचसी स्टीलमध्ये 13 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दोन्ही चांगली, पण दोन्ही मीठ लावून ओल्या सॅकमध्ये ठेवायची नाहीत.

आणि आपण नेमकं तेच करतो. ट्रेकला कैरी कापायची, वर मीठ-तिखट, पातं पँटला पुसायचं आणि बंद करून खिशात. आंबट रस आणि मीठ दोन्ही पात्याच्या बुडाशी, वरून पाऊस, आत घाम. हरिश्चंद्रगडावरून खाली उतरेपर्यंत काही दिसत नाही, पुढच्या शनिवारी उघडलं की नख अडकवायच्या खाचेत चहाच्या रंगाचे ठिपके.

कोकणात सुट्टीला गेलेल्यांचे चाकू तर वेगळ्याच पद्धतीने मरतात. फणसाचा चीक पाण्यात विरघळत नाही. साबणाने घासा, गरम पाण्यात टाका, तो नुसता रबरासारखा ताणला जातो आणि आणखी आत जातो. आपल्या आज्या फणस कापायच्या आधी हाताला आणि विळीला खोबरेल का लावायच्या ते इथे कळतं. ओले काजू सोलायला स्विस नाईफ काढणारे पण आहेत, त्यांना माझा नमस्कार. काजूच्या टरफलातल्या तेलापासून वार्निश बनवतात, गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ते वापरतात, कारण ते हवेवर आणि उष्णतेवर कडक होतं. ते तुमच्या चाकूच्या फटीत गेलं की काळं पडून सिमेंट होतं, आणि जाताजाता बोटांची सालं काढतं ते वेगळंच. काजूला घरातली जुनी सुरी घ्या, राख लावा, चाकू खिशात राहू दे.

आता साफ कसं करायचं.

चीक असेल तर पाण्याआधी तेल. कापसाच्या बोळ्यावर खोबरेल घेऊन चिकावर चोळायचं, पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मऊ झाला की लाकडी टूथपिकने बुडाशी खरवडून कपड्याने पुसून काढायचा. खोबरेलाचं काम एवढंच, ते आत ठेवायचं नाही, पुढच्या पायरीत साबणाने पूर्ण काढून टाकायचं.

मग एका वाडग्यात कोमट ते गरम पाणी, हात सहन करेल एवढंच, उकळतं नको. लाल मुठीवरचं जे प्लास्टिक असतं, सेलिडोर म्हणतात त्याला, ते जास्त उष्णतेने वाकतं, मूठ सुटते. डिशवॉशरमध्ये टाकणारे पण भेटलेत, टाकू नका. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मुठीत खोचलेले चिमटा आणि टूथपिक काढून बाजूला ठेवा नाहीतर सिंकमध्ये जातात, आणि चाकू पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवा. आता पाण्याच्या आतच एकेक टूल उघड-बंद करायचं. सुरुवातीला गढूळ काळं पाणी निघतं, बघून समाधान वाटतं. जुन्या टूथब्रशने आतून घासा, फटीच्या तळाशी जो भुगा दाबून बसलेला असतो तो टूथपिकने उचकटा, तोच बरेचदा पातं पूर्ण बंद होऊ देत नाही. पाणी बदलून परत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. वरवर एकदा धुतला आणि झालं असं नाही, बऱ्याच जणांचं इथेच अर्धवट राहतं.

हे करताना एक सांभाळा. जड पातं जोर लावून ओढताना अचानक सुटतं आणि लॉक नसल्यामुळे तेवढ्याच जोरात बंद पण होतं. बोटं धारेच्या वाटेत ठेवायची नाहीत, बंद करताना तळहाताने ढकलायचं. नखाने उघडतच नसेल तर पक्कडीने पातं धरून ओढू नका, आणखी थोडा वेळ भिजू द्या, मग पात्याच्या पाठीला जाड फडकं धरून चिमटीत ओढा.

शेवटचं धुणं शक्यतो फिल्टरच्या पाण्याने. बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर पांढरे क्षार आतच राहतात, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ असेल तर काय बोलायलाच नको, त्यात मीठच आहे.

आणि आता वाळवणं, ज्यात बहुतेकांचं घोडं पेंड खातं. कपड्याने पुसला, बाहेरून कोरडा दिसला, लगेच तेल टाकलं, म्हणजे पाणी आत आणि तेलाचं झाकण वर. महिन्यात परत फोटो. त्यापेक्षा चाकू जोरात झटका, टिश्यूची पट्टी घडी करून प्रत्येक फटीतून ओढून काढा, आणि सगळी टूल्स उघडी ठेवून रात्रभर पंख्याखाली ठेवा. टूल्स उघडायची तर पूर्ण उघडा, अर्धवट काटकोनात सोडून देऊ नका, उगाच स्प्रिंगवर ताण राहतो. पावसाळ्यात पंखा पण दमट हवाच फिरवतो, तेव्हा हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, लांबून. घाई असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाले ज्याला आयपीए म्हणतात ते, फटीत थोडं सोडून दोन-तीनदा उघड-बंद करा, ते पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. गॅस किंवा निरांजन शेजारी असताना हे करायचं नाही, पेट घेतं. हँड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन आणि जेल असतं, म्हणजे परत चिकटा. आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन तर मुठीचं प्लास्टिकच विरघळवतं. डासांच्या क्रीममधलं डीट पण बऱ्याच प्लास्टिकची चमक घालवतं, तेव्हा कॅम्पवर क्रीम लावलेल्या हाताने चाकू धरून बसू नका.

तेल कुठलं, यावर तर लोक भांडतात. गोडं तेल, म्हणजे शेंगदाणा, सोयाबीन, मोहरी, हे कधीच नाही. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीला बाहेरून जो पिवळा चिकट थर बसतो ना, जो घासूनही निघत नाही, तोच थर तुमच्या स्प्रिंगवर बसणार. हवा लागून ही तेलं घट्ट होतात. खोबरेल त्या मानाने कमी चिकटतं पण 24-25 अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे पुण्यात डिसेंबरच्या सकाळी चाकू उघडत नाही आणि दुपारी उघडतो, आणि लोकांना वाटतं भुताटकी. शिवाय कालांतराने खवट वास येतो. डब्ल्यूडी-40 हे वंगण म्हणून बनलेलंच नव्हतं, 1953 साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी, गंज थांबवण्यासाठी ते केलं, आणि त्या कामाला ते चांगलंच आहे, समुद्रात पडलेल्या पक्कडीला जरूर मारा. पण त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे जेमतेम थर उरतो, म्हणून "मारलं की आठवडाभर चालतं" हा सगळ्यांचा अनुभव. खायच्या वस्तूला लागू द्यायचं नाही ते आहेच.

मी काय वापरतो तर केमिस्टकडचं लाईट लिक्विड पॅराफिन. स्वस्त, वास नाही, खवट होत नाही, फळ कापायच्या पात्याला लागलं तरी चिंता नाही. व्हिक्टोरिनॉक्सची स्वतःची छोटी तेलाची बाटली मिळते, ती पण खाण्याला सुरक्षित असते, परवडत असेल तर घ्या. शिलाई मशीनचं पातळ तेल पण उत्तम काम करतं, फक्त चाकू फळं-चीज कापायला वापरत असाल तर पात्याचं बूड पुसून घ्या. प्रमाण मात्र एक थेंब. खरंच एक. टूथपिक तेलात बुडवून पात्याचा बुडखा जिथे स्प्रिंगवर घासतो तिथे टेकवायची, आठ-दहा वेळा उघड-बंद करायचं आणि बाहेर जे तेल येईल ते सगळं पुसून टाकायचं. हाताला तेल लागतंय म्हणजे जास्त झालं.

ठिपके पडलेच असतील तर खायच्या सोड्याची पेस्ट आणि बोटाला गुंडाळलेलं फडकं, नाहीतर शाई खोडायचा जाडाभरडा खोडरबर, त्याने वरवरचे डाग छान निघतात. सॅंडपेपर नको. पातं जेवढं गुळगुळीत तेवढा गंज कमी धरतो, ओरखड्यांत ओलावा बसतो. लोखंडी तारेच्या घासणीने घासाल तर तिचे बारीक कण पात्यावर राहतात आणि तेच आधी गंजतात, मग दोष चाकूला. डाग काढल्यावर तिथे नखाला खड्डा लागत असेल तर तो खड्डा राहणार, त्याच्या मागे लागून पातं झिजवू नका, फक्त तिथे कोरडं ठेवा.

पक्कडवाली मल्टीटूल्स, म्हणजे लेदरमन आणि त्या जातीची, यांचा प्रकार थोडा वेगळा. त्यात बहुतेक ठिकाणी रिव्हेटऐवजी टॉर्क्स स्क्रू (ताऱ्यासारख्या खाचेचे) असतात, त्यामुळे जाम वाटलं की लोक आधी स्क्रू सैल करतात. साफ न करता सैल केलं की घाण आहे तिथेच राहते आणि पातं मात्र लळालळा हलायला लागतं. आधी धुणं, वाळवणं, एक थेंब तेल, आणि तरीही जड असेल तरच स्क्रू अगदी थोडा सैल, पाव फेरासुद्धा नाही. यांच्या पात्यांना बहुतेक वेळा लॉक असतं, ते लॉक चिकटून बसत असेल, बंद करताना अंगठा दुखत असेल, तर लॉकची पट्टी पात्याला जिथे टेकते तिथे साधी शिसपेन्सिल घासा. तेल तिथे मुद्दाम नको, लॉक निसटलेलं परवडणार नाही. पक्कडीच्या सांध्यात मात्र तेल दिलं तरी चालतं, तिथे घाण पण सगळ्यात जास्त जाते.

एवढं करूनही परत होत असेल तर चाकू राहतो कुठे ते बघा. चामड्याचं पाऊच दिसायला झकास, पण ओलं झालं की आठवडाभर आतून ओलं राहतं, आणि आपण चाकू पुसून परत त्यातच ठेवतो. पावसाळ्यात नायलॉनचं पाऊच, आणि घरी आल्यावर चाकू पाऊचच्या बाहेर. रेनकोटच्या खिशात चाकू ठेवू नये, तिथे पाऊस कमी आणि घाम जास्त असतो. किल्ल्या आणि चिल्लर जिथे तिथे पण नको. कपाटात ठेवायचा तर बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी घालून बंद डब्यात. जीन्सच्या खिशातला भुगा तर टळत नाही, त्याला उपाय एकच, अधूनमधून उघडून टूथपिक फिरवायची.

बाळगण्यावरून विषय निघालाच आहे तर, शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आपला स्विस नाईफ त्याच्या जवळपासही जात नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली सणावारी, मोर्चा-सभांच्या वेळी बंदी आदेश निघतात, तेव्हा गर्दीत चाकू खिशात घेऊन शहाणपणा करू नका. विमानात केबिन बॅगेत नाही म्हणजे नाही, चेक-इनमध्ये टाका. एअरपोर्टच्या तपासणीला सोडून दिलेल्या चाकूंना तेल लावायची वेळच येत नाही.

स्वस्तातले हुबेहूब दिसणारे चाकू, रस्त्यावर अकरा-अकरा टूल्सवाले मिळतात ते, त्यांची पाती कदाचित बरी असतील पण स्प्रिंग आणि मधले पत्रे बरेचदा साध्या लोखंडाचे निघतात. ओळखायचं सोपं आहे, गंज पात्यावर नसून पाठीच्या पट्टीवर आणि आतल्या पत्र्यांवर दिसतो. त्याला हे सगळं करून सुद्धा पुढच्या पावसाळ्यात गंज येणारच, तेलाचा हात जरा सढळ ठेवा आणि फळं कापू नका त्याने.

खऱ्या चाकूवर, दोनदा नीट धुऊन, नीट वाळवूनही एखादं टूल अडकतच असेल तर हातोडी, वाईस, स्क्रू ड्रायव्हर घुसवून फट रुंदावणं हे प्रयोग करायचे नाहीत. व्हिक्टोरिनॉक्स माल आणि बनावटीतल्या दोषांची आयुष्यभराची हमी देतं, लेदरमन 25 वर्षांची, पण झीज आणि गैरवापर त्यात येत नाही, आणि हातोडीची खूण दिसली की तुमची बाजू संपली. पाठवताना काय वापरलं होतं ते सांगा, फणस असेल तर फणस सांगा. कात्रीची छोटी स्प्रिंग तुटली किंवा उडाली असेल तर तिच्यासाठी अख्खा चाकू पाठवायची गरज नाही, बऱ्याच मॉडेल्सना ती सुटी मिळते आणि घरी बसते, बसवताना तेवढी खोली झाडून ठेवा कारण पहिल्या प्रयत्नात ती उडून कपाटाखाली जाते.